पासवर्ड बदलल्यानंतर टॅबलेटवरील ईमेल पुन्हा सुरू करताना

ईमेल खात्याचा पासवर्ड संगणकावर किंवा मोबाइलवर बदलला, की घरातला टॅबलेट बहुधा त्याच दिवशी गप्प होतो. नवीन मेल येणे थांबते, पडद्याच्या वरच्या पट्टीत 'अकाउंट ॲक्शन रिक्वायर्ड' अशी सूचना रेंगाळत राहते आणि आयपॅड असेल तर 'कॅनॉट गेट मेल' अशी चौकट मधूनमधून डोके वर काढते. अशा वेळी नवख्या माणसाला पहिल्यांदा सुचते ते ॲप काढून पुन्हा घेणे, दुसऱ्यांदा सुचते ते खातेच टॅबलेटवरून पुसून टाकणे, आणि तेवढ्याने भागले नाही तर कोणीतरी सांगते म्हणून तो संपूर्ण टॅबलेट रिसेट करायला, म्हणजे त्यातले सगळे पुसून तो नव्यासारखा करायला निघतो. यांपैकी पहिला उपाय बहुतेकदा निरुपयोगी असतो, दुसरा घाईचा असतो आणि तिसऱ्याने पुष्कळदा नवीच अडचण उभी राहते. खरे काम एवढेच असते, की नवीन पासवर्ड योग्य जागी, आणि आवश्यक असेल तर दोन जागी, टाकायचा. मात्र ती जागा कोणती, हे खात्याच्या प्रकारावर अवलंबून असते आणि तेच आधी समजून घ्यावे लागते.

पासवर्ड नेमका कुठे साठवलेला असतो

ईमेलचा पासवर्ड टॅबलेटचा नसतो आणि ॲपचाही नसतो. तो सेवा देणाऱ्या कंपनीच्या, म्हणजे गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू किंवा आपल्या संस्थेच्या सर्व्हरवर, म्हणजे मेल सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकावर ठरलेला असतो. त्यामुळे ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन 'पासवर्ड बदलणे' म्हणजे खात्याचा पासवर्ड बदलणे नव्हे. तेथे आपण टॅबलेटला फक्त एवढेच कळवत असतो, की तिकडे बदल झाला आहे, आता यापुढे हा नवीन पासवर्ड वापर. अनेकांचा घोळ येथूनच सुरू होतो. ते ॲपमध्ये मनाने एखादा नवा पासवर्ड टाकतात आणि तो सर्व्हरने नाकारला, की ॲप बिघडले असे समजतात.

टॅबलेट सर्व्हरकडे आपली ओळख दोन प्रकारे पटवतो. पहिल्या प्रकारात साइन इन करताना कंपनीचे स्वतःचे पान उघडते, तेथे आपण पासवर्ड आणि मागितल्यास कोड टाकतो, आणि त्या बदल्यात टॅबलेटला एक डिजिटल परवाना मिळतो. मुंबईच्या लोकलचा पास काढलेल्या प्रवाशाला रोज तिकीट घ्यावे लागत नाही, त्याचप्रमाणे टॅबलेटला यानंतर पासवर्ड दाखवावा लागत नाही आणि तो त्याच्याजवळ साठवलेलाही नसतो. पासवर्ड बदलला, की कंपनी बहुधा हा पास रद्द करते आणि नवा काढावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मात्र टॅबलेट खुद्द पासवर्डच जपून ठेवतो आणि मेल तपासायच्या प्रत्येक वेळी तो सर्व्हरला सादर करतो. सर्व्हरवरचा पासवर्ड बदलला तरी टॅबलेट जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पुढे करत राहतो, आणि या हट्टामुळे काही वेळा संपूर्ण खातेच बंद पडते. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मोठ्या कंपन्यांनी दुसरा प्रकार हळूहळू मोडीत काढला आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या ॲप्सचा प्रवेश ३० मे २०२२ पासून थांबवला आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक डॉट कॉम व हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी तोच निर्णय १६ सप्टेंबर २०२४ पासून लागू केला. जुन्या टॅबलेटवर वर्षानुवर्षे नीट चाललेले एखादे मेल ॲप पासवर्ड अचूक असूनही तो नाकारत असेल, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. दुसरा प्रकार आज मुख्यतः स्वतःच्या नावाने डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे नाव) घेतलेल्या छोट्या कंपन्या, शिक्षणसंस्था, धर्मादाय न्यास आणि गृहनिर्माण संस्था यांच्या खात्यांत आढळतो.

आपले खाते कोणत्या प्रकारातले आहे, हे ओळखणे अवघड नाही. ॲपच्या सेटिंग्जमध्ये त्या खात्याच्या नावाखाली सर्व्हरचे नाव, पोर्ट क्रमांक (सर्व्हरच्या ज्या दाराने जोडणी होते त्याचा क्रमांक) आणि ठिपक्यांनी झाकलेला पासवर्डाचा रकाना दिसत असेल, तर ते दुसऱ्या प्रकारातले. तसा रकाना कोठेच नसेल आणि साइन इन म्हटल्यावर कंपनीच्या चिन्हासह पान उघडत असेल, तर ते पहिल्या प्रकारातले.

कशालाही हात लावण्यापूर्वी

सर्वप्रथम नवीन पासवर्ड खरोखर चालतो की नाही, हे टॅबलेटवरच्याच ब्राउझरमध्ये पडताळावे. क्रोममध्ये 'इनकॉग्निटो' टॅब किंवा सफारीत 'प्रायव्हेट' टॅब उघडून त्यात आपल्या ईमेल सेवेचे पान उघडावे आणि पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप करावा. नेहमीचा टॅब घेऊ नये, कारण तेथे आपण आधीपासून साइन इन असण्याची शक्यता असते आणि मग परीक्षा होतच नाही. येथे पासवर्ड चालला, तर दोष ॲपच्या नोंदीत आहे. येथेही चालला नाही, तर ॲपशी झटापट करण्यात काहीच अर्थ नाही, आधी पासवर्डाचाच प्रश्न सोडवावा लागेल. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि बहुतेक लोक नेमकी तीच टाळतात.

पासवर्ड टाइप करताना टॅबलेटवर काही खास गफलती होतात. पहिले अक्षर आपोआप मोठ्या लिपीत उमटू शकते. व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेला पासवर्ड कॉपी करून चिकटवला, तर त्याच्या शेवटी एक अदृश्य रिकामी जागा येऊ शकते आणि तीही पासवर्डाचा भाग मानली जाते. मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी: देवनागरी १ आणि रोमन लिपीतला एक हे आपल्याला एकच वाटले, तरी संगणकाच्या दृष्टीने ती दोन निराळी चिन्हे आहेत, म्हणून पासवर्डातले अंक इंग्रजी कीबोर्डवरूनच टाकावेत. रकान्याच्या उजव्या कडेला डोळ्याचे चिन्ह असते. त्यावर बोट ठेवून टाइप केलेला मजकूर उघड करून अक्षरन् अक्षर वाचावा. ब्राउझरने किंवा पासवर्ड जपणाऱ्या ॲपने रकाना आपोआप भरला असेल, तर तो जुनाच पासवर्ड असण्याची दाट शक्यता असते. पासवर्ड बदलताना 'अपडेट पासवर्ड' अशी विचारणा आली होती आणि घाईत ती दूर सारली असेल, तर असे हमखास होते. अँड्रॉइडवर क्रोमच्या सेटिंग्जमधील गूगल पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि आयपॅडओएस १८ पासून आयपॅडवर स्वतंत्र असलेल्या 'पासवर्ड्स' ॲपमध्ये जाऊन ती नोंद दुरुस्त करावी. नाहीतर आज सुटलेला प्रश्न पुढच्या वेळी पुन्हा उभा राहील.

दुसरी तयारी न पाठवल्या गेलेल्या मजकुराची. पासवर्ड बदलल्यापासून टॅबलेटवर लिहिलेले मेल सर्व्हरपर्यंत पोहोचलेलेच नसतात. ते 'आउटबॉक्स' किंवा 'ड्राफ्ट्स' या कप्प्यांत केवळ टॅबलेटच्या स्मरणात पडून असतात. खाते काढून टाकले, की तेही जातात. तेव्हा हे दोन्ही कप्पे उघडून पाहावेत, आणि महत्त्वाचा मजकूर सापडला तर त्यावर बोट दाबून धरून 'सिलेक्ट ऑल' व 'कॉपी' निवडावे आणि तो नोट्ससारख्या एखाद्या ॲपमध्ये चिकटवून ठेवावा.

तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण दीर्घकाळ कपाटात पडून राहिलेल्या टॅबलेटच्या बाबतीत ती पाहावीच. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही टॅबलेट्सची तारीख मागे जाते, आणि तारीख चुकीची असली, की सर्व्हरची सुरक्षित जोडणी प्रस्थापित होत नाही. सेटिंग्जमध्ये तारीख व वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवावी.

अँड्रॉइड टॅबलेटवरील जीमेल खाते

अँड्रॉइडमध्ये गूगलचे खाते जीमेल ॲपमध्ये नसते, ते संपूर्ण टॅबलेटला जोडलेले असते. प्ले स्टोअर, संपर्क, कॅलेंडर, फोटो आणि जीमेल ही सगळी ॲप्स त्याच एका खात्यावर चालतात. जीमेल ॲप काढून पुन्हा घेतल्याने काही साधत नाही, ते यामुळेच. वरच्या पट्टीवरून बोट खाली ओढून सूचनांची यादी उघडावी, 'अकाउंट ॲक्शन रिक्वायर्ड' या सूचनेवर टिचकी मारावी आणि उघडलेल्या गूगलच्या पानावर नवीन पासवर्ड टाकावा. सूचना चुकून पुसली गेली असेल, तर सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड्स अँड अकाउंट्स' किंवा नुसते 'अकाउंट्स' या शीर्षकाखाली, आणि सॅमसंगच्या टॅबलेटवर 'अकाउंट्स अँड बॅकअप' मध्ये 'मॅनेज अकाउंट्स' येथे ते खाते सापडते. एकदा साइन इन झाले, की बाकीची ॲप्सही आपोआप मार्गी लागतात.

'मोबाइलवर सगळे सुरळीत आहे, मग टॅबलेटवरच का अडले' हा प्रश्न येथे अनेकांना पडतो. गूगल पासवर्ड बदलल्यावर बहुतेक उपकरणांवरून खाते साइन आउट करते, परंतु आपली ओळख पडताळण्यासाठी जे उपकरण वापरले जाते ते त्यातून वगळते. मोबाइल सामान्यतः अशा उपकरणांत मोडतो, टॅबलेट मोडेलच असे नाही. म्हणून मोबाइल चालू आहे याचा अर्थ टॅबलेट बिघडला आहे, असा होत नाही.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असेल, तर पासवर्डानंतर आणखी एक पायरी येते. समजा, साताऱ्यातल्या वडिलांच्या खात्याचा पासवर्ड डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या मुलीने बदलला आणि पडताळणीसाठी तिचाच मोबाइल जोडलेला आहे. वडिलांनी टॅबलेटवर पासवर्ड टाकला, की टॅबलेटच्या पडद्यावर एक आकडा दिसू शकतो आणि मुलीच्या मोबाइलवर 'तुम्हीच साइन इन करत आहात का' अशी विचारणा काही आकड्यांसह येते. तिने टॅबलेटवर दिसणाराच आकडा निवडायचा असतो. हे काम दोघांनी एकाच वेळी, फोनवर बोलत करावे, कारण ही विचारणा थोड्या वेळाने बाद होते. आयर्लंडचे घड्याळ आपल्या मागे असते, हे लक्षात घेऊन वेळ ठरवलेली बरी. अशी विचारणा आपण स्वतः साइन इन करत नसताना आली, तर ती नाकारायची, मग ती कितीही वेळा येवो.

पडताळणीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक आता वापरात नसेल, तर तो सर्वांत आधी बदलून घ्यावा. बंद पडलेला प्रीपेड क्रमांक काही काळानंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, आणि मग आपला ओटीपी त्याच्याकडे जातो.

सर्व्हरचे नाव असलेली खाती: येथे पासवर्ड दोनदा टाकावा लागतो

संस्थेच्या किंवा स्वतःच्या डोमेनवरचे खाते टॅबलेटमध्ये जोडलेले असेल, तर ते बहुधा आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या) किंवा पॉप (मेल टॅबलेटवर उतरवून घेणाऱ्या) पद्धतीने जोडलेले असते. या खात्यांत येणाऱ्या मेलसाठी एक सर्व्हर आणि जाणाऱ्या मेलसाठी दुसरा सर्व्हर असतो. दुसऱ्याला एसएमटीपी सर्व्हर म्हणतात. पासवर्ड एकच असला, तरी टॅबलेट तो दोन ठिकाणी स्वतंत्रपणे नोंदवून ठेवतो. बहुसंख्य लोक येणाऱ्या सर्व्हरचा पासवर्ड बदलतात, नवीन मेल भराभर उतरलेले पाहून समाधान मानतात, आणि दोन दिवसांनी कोणीतरी 'तुमचे उत्तर आले नाही' असे कळवल्यावर आउटबॉक्समध्ये अडकलेल्या मेलांचा ढीग त्यांना दिसतो. या संपूर्ण विषयात सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच.

अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये असे खाते असेल, तर डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांवर टिचकी मारून अगदी खालपर्यंत जावे, 'सेटिंग्ज' निवडावे आणि यादीतून ते खाते उघडावे. खात्याच्या पानावर शेवटाकडे 'इनकमिंग सेटिंग्ज' आणि 'आउटगोइंग सेटिंग्ज' अशा दोन ओळी असतात. पहिली ओळ उघडून जुना पासवर्ड पूर्ण पुसावा, नवीन टाकावा आणि ॲप सर्व्हरशी बोलून खात्री करेपर्यंत थांबावे. ते पान परत आपोआप मिटले, म्हणजे सर्व्हरने पासवर्ड मान्य केला. त्यानंतर दुसरी ओळ उघडून हेच पुन्हा करावे. तेथे 'रिक्वायर साइन-इन' हा पर्याय दिसेल, तो बंद असेल तर चालू करावा. इतर मेल ॲप्समध्ये नावे थोडी वेगळी असतील, पण येणाऱ्या व जाणाऱ्या सर्व्हरची ही जोडी कोठेतरी असतेच.

या पानांवर आपण आलोच आहोत तर बाकीच्या रकान्यांत बदल करण्याचा मोह टाळावा. सर्व्हरचे नाव आणि पोर्ट पासवर्डाबरोबर बदलत नाहीत. चुकून काही पुसले गेलेच, तर सुरक्षित जोडणीसाठी आयमॅपचा पोर्ट ९९३, पॉपचा ९९५ आणि एसएमटीपीचा ४६५ किंवा ५८७ असतो. सर्व्हरचे अचूक नाव मात्र ज्या कंपनीकडून ईमेल सेवा घेतली आहे, तिच्याकडूनच घ्यावे. 'प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही, तरीही पुढे जायचे का' अशी चौकट आली, तर 'हो' म्हणून मोकळे होऊ नये. आधी तारीख तपासावी, नंतर सर्व्हरच्या नावातली अक्षरे.

शेवटी स्वतःच्याच पत्त्यावर एक मेल पाठवून पाहावा. तो गेला आणि आलाही, तर दोन्ही सर्व्हर मार्गी लागले.

आयपॅडवर

आयपॅडओएस १८ पासून मेलची खाती 'सेटिंग्ज' मध्ये थेट दिसत नाहीत; यादीच्या तळाशी असलेल्या 'ॲप्स' मध्ये जाऊन 'मेल' आणि त्यानंतर 'मेल अकाउंट्स' उघडावे लागते. त्याआधीच्या आवृत्त्यांत 'सेटिंग्ज', 'मेल', 'अकाउंट्स' असा सरळ मार्ग आहे. जुन्या आयपॅडला अनेकदा नवी आवृत्ती मिळत नाही, त्यामुळे कोणाकडून फोनवर सूचना घेताना आपल्या पडद्यावर काय दिसते आहे ते आधी सांगावे, म्हणजे बराच गोंधळ वाचतो.

जीमेल किंवा आउटलुकचे खाते असेल, तर त्याच्या नावावर टिचकी मारल्यावर पासवर्ड पुन्हा टाकण्याची सूचना दिसते, तिच्यावरून गूगलचे किंवा मायक्रोसॉफ्टचे पान उघडते आणि काम तेथेच होते. ही सूचना दिसतच नसेल, तर खाते काढून पुन्हा जोडणे हाच व्यवहार्य उपाय राहतो. मेल सर्व्हरवर असल्यामुळे ते परत उतरतात. सर्व्हरचे नाव असलेल्या खात्यात मात्र खात्याच्या पत्त्यावर टिचकी मारून 'पासवर्ड' हा रकाना बदलावा, नंतर त्याच पानावर खाली 'एसएमटीपी' उघडून 'प्रायमरी सर्व्हर' निवडावा आणि तेथील पासवर्डही बदलावा. हा दुसरा रकाना दोन पाने आत दडलेला असल्यामुळे आयपॅडवाल्यांच्या हातून तो आणखीच निसटतो. बदल केल्यावर 'डन' दाबल्याशिवाय पान सोडू नये.

ॲप पासवर्ड वापरत असाल तर

काही मेल ॲप्सना कंपनीचे साइन इन पान उघडताच येत नाही. त्यांच्यासाठी गूगल, याहू आणि ॲपल ॲप पासवर्डची, म्हणजे मुख्य पासवर्डाऐवजी फक्त त्या ॲपमध्ये टाकण्यासाठी तयार करून घेतलेल्या वेगळ्या पासवर्डाची सोय देतात. गूगलचा ॲप पासवर्ड सोळा अक्षरांचा असतो, तो टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू असेल तरच मिळतो आणि पडद्यावर एकदाच दिसतो. अँड्रॉइड टॅबलेटवर ॲपलच्या आयक्लाउडचा मेल पाहणाऱ्यांनाही अशाच पासवर्डाची गरज पडते.

लक्षात ठेवण्याची बाब अशी, की गूगल किंवा ॲपल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, की आधीचे सर्व ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. अशा वेळी मेल ॲपमध्ये नवीन मुख्य पासवर्ड टाकून उपयोग होत नाही आणि जुना सोळा अक्षरी पासवर्डही चालत नाही. खात्याच्या सुरक्षा पानावर जाऊन नवा ॲप पासवर्ड तयार करावा लागतो आणि तोच येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरच्या रकान्यांत टाकावा लागतो. माझे स्पष्ट मत असे, की ज्या टॅबलेटवर जीमेल किंवा आउटलुकचे अधिकृत ॲप चालते, तेथे ॲप पासवर्डाच्या वाटेला जाऊच नये.

कार्यालयाचे खाते आणि कुलूपबंद होण्याचा प्रकार

कार्यालयातल्या पासवर्डाची मुदत ठरावीक काळाने संपते, कर्मचारी तो कार्यालयातल्या संगणकावर बदलतो आणि घरी टेबलावर पडलेल्या टॅबलेटचा त्याला विसर पडतो. टॅबलेट मात्र दर काही मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचे दार वाजवत असतो. अनेक कार्यालयांत सलग काही वेळा चुकीचा पासवर्ड आला, की सुरक्षेसाठी खाते काही काळ कुलूपबंद होते, आणि चुकीचा पासवर्ड माणसाने टाकला की यंत्राने, हे मोजणारी व्यवस्था पाहत नाही. परिणामी दुपारी चांगल्या चाललेल्या संगणकावर संध्याकाळी अचानक प्रवेश नाकारला जातो, आयटी विभाग खाते खुले करून देतो, आणि अर्ध्या तासात ते पुन्हा बंद होते. असे दोन-तीनदा झाले, तर खात्यावर हल्ला झाला असे समजण्यापूर्वी घरातले टॅबलेट आणि जुने मोबाइल आठवावेत.

यावरचा उपाय पासवर्ड बदलण्याआधी करायचा असतो. टॅबलेट एरोप्लेन मोडवर टाकावा, पासवर्ड संगणकावर बदलावा, संगणकावर आणि ब्राउझरमध्ये तो चालतो याची खात्री करावी, आणि मगच टॅबलेटचे इंटरनेट सुरू करून लगेच नवीन पासवर्ड टाकावा. टॅबलेट घरी असेल आणि पासवर्ड कार्यालयातच बदलावा लागणार असेल, तर त्या सकाळी तो बंद करूनच निघावे. खाते एकदा कुलूपबंद झाले असेल, तर ते खुले होईपर्यंत योग्य पासवर्डही नाकारला जातो. तेव्हा वारंवार प्रयत्न करत राहिल्याने फक्त मुदत वाढण्याचा धोका असतो.

पासवर्ड आपण बदललेलाच नसेल तर

टॅबलेट पासवर्ड मागतो आहे, पण घरात कोणीच तो बदललेला नाही, अशी स्थिती असेल, तर वर सांगितलेले सर्व बाजूला ठेवावे. 'तुमचा पासवर्ड बदलला आहे, येथे टिचकी मारा' असा मेल किंवा एसएमएस आला असेल, तर त्यातल्या दुव्यावर जाऊ नये. ब्राउझरमध्ये सेवेचा पत्ता स्वतः टाइप करून आत जावे. जुना पासवर्ड तेथे चालत नसेल, तर 'फरगॉट पासवर्ड' या वाटेने खाते परत मिळवण्याचा प्रयत्न करावा. गूगल अशा वेळी नेहमीचे उपकरण, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागा वापरण्याचा सल्ला देते, म्हणजेच आपल्या घरच्या वायफायवर असलेला हा जुना टॅबलेट या कामी साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. तो या दिवसांत रिसेट केला, तर ही साक्ष आपणच पुसून टाकतो.

खाते परत मिळाल्यावर केवळ पासवर्ड बदलून थांबू नये. सुरक्षा पानावर साइन इन असलेल्या उपकरणांची यादी पाहून अनोळखी उपकरणे काढावीत, आणि मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय कोणी गुपचूप लावून ठेवली आहे का, तेही तपासावे. जीमेलमधील ही सेटिंग ॲपमध्ये सापडत नाही. ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' निवडून जीमेल उघडावे लागते. पैशांचे नुकसान झाले असेल, तर भारतात १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम मध्येच अडवता येण्याची शक्यता अधिक असते.

खाते काढून पुन्हा जोडणे, आणि रिसेट

सर्व करूनही ॲप ऐकत नसेल, तर खाते काढून पुन्हा जोडायला हरकत नाही, परंतु ते आयमॅप आहे की पॉप, हे आधी पाहावे. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतात आणि खाते जोडल्यावर परत दिसतात. पॉपमध्ये मेल टॅबलेटवर उतरवून घेतल्यानंतर सर्व्हरवरून पुसले गेलेले असू शकतात. त्या स्थितीत टॅबलेटवरची प्रत हीच एकमेव प्रत असते आणि खाते काढले, की ती कायमची जाते. अशा खात्यातले महत्त्वाचे मेल आधी दुसऱ्या पत्त्यावर पाठवून ठेवावेत. त्यासाठी जाणाऱ्या सर्व्हरचा पासवर्ड आधी दुरुस्त व्हायला हवा, हे ओघाने आलेच. अँड्रॉइडवरून गूगलचे खाते काढले, तर त्याबरोबर त्या खात्याचे संपर्क आणि कॅलेंडरही टॅबलेटवरून जातात आणि पुन्हा साइन इन केल्यावर परततात. फक्त टॅबलेटवरच साठवलेले आणि गूगलकडे कधीच न पोहोचलेले असे काही त्यात नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

संपूर्ण टॅबलेट रिसेट करण्याची गरज या कामासाठी जवळजवळ कधीच पडत नाही. दुसऱ्या कारणाने तो करायचाच असेल, तर गूगल खात्याचा पासवर्ड बदलल्यानंतर २४ तास थांबावे, असे गूगल सांगते. रिसेटनंतर अँड्रॉइड टॅबलेट आधीच्या खात्याची ओळख मागतो, ही चोरीविरुद्धची तजवीज आहे, आणि नुकताच बदललेला पासवर्ड त्या वेळी स्वीकारला गेला नाही, तर मालकालाच आपला टॅबलेट उघडता येत नाही.

यापुढे कोणाची मदत घ्यावी लागली, मग तो कार्यालयाचा आयटी विभाग असो, ईमेल सेवा देणारी कंपनी असो किंवा घरातला जाणता नातू असो, तर 'मेल चालत नाही' एवढेच सांगू नये. पासवर्ड कधी आणि कोणत्या उपकरणावर बदलला, तो ब्राउझरमध्ये चालतो की नाही, मेल येत नाहीत की जात नाहीत, खाते कोणत्या ॲपमध्ये आहे, आणि चौकटीतले शब्द नेमके काय आहेत, इतके सांगावे. चौकटीचा स्क्रीनशॉट काढून पाठवला तर उत्तमच, फक्त त्यात डोळ्याच्या चिन्हाने उघडा केलेला पासवर्ड दिसत नाही ना, हे पाठवण्यापूर्वी पाहावे.